जाळी साफ केली, बसवली

सोमवार, २० फेब्रुवारी १९८४. सेलू, जिनिंगचं आवार.

हजर — मालक, फाटकापाशी काट्यावर. गंगाबाई आणि रेच्यांवरच्या बाया. मी.

गैरहजर — लिंबाजी साळवे, इंजिन ड्रायव्हर.

एवढ्या तीन ओळी खऱ्या लिहायला मला दहा वर्षं लागली. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. तुम्हाला का सांगतो आहे, तेही मला नीट मांडता येणार नाही — आणि न मांडता येणाऱ्या गोष्टींची मला सवय नाही. माझं सगळं मांडलेलं असतं. घरात किराण्याची यादी, पाहुण्यांची यादी, दुरुस्तीच्या कामांची यादी. झालं त्यापुढे बरोबरची खूण, राहिलं ते पुढच्या पानावर. जिनिंगमध्ये मला ‘यादीमास्तर’ म्हणत. मी मास्तर नव्हतो, हजेरी आणि यंत्रांची देखभाल लिहिणारा कारकून होतो. पण ते नाव मला आवडायचं. आवडायचं कशाला — मी त्यावर जगत होतो.

आधी इंजिनाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

आमच्याकडे एक जुनं इंजिन होतं, निजामाच्या राज्यात आलेलं. एकच सिलिंडर, माणसाएवढं चाक. ते चालू झालं की स्टेशनापर्यंत ठकठक ऐकू जायची. काहीही पाजा, प्यायचं. काळाकुट्ट धूर सोडायचं आणि चालत राहायचं. त्याचं धुराडं इतकं उंच होतं की ठिणगी उडालीच तरी खाली येईपर्यंत विझून जाई. पुढे त्याचे भाग मिळेनात आणि मालकांनी नवं इंजिन आणलं. सहा सिलिंडरचं, आटोपशीर, जुन्याच्या निम्म्या जागेत मावणारं. डिझेल कमी, ताकद दुप्पट. पण त्याच्या अटी होत्या. डिझेल दोनदा गाळलेलं हवं, हवेची गाळणी झटकलेली हवी, आणि धूर बाहेर पडायच्या तोंडाशी एक लोखंडी पेटी होती, तिच्यात ठिणग्या अडवायची जाळी. दाट तारेची, दोन पदरी. जिथे चहूकडे कापूस पसरलेला, तिथे या जाळीशिवाय असलं इंजिन चालवायचंच नाही, असं बसवायला आलेला माणूस बजावून गेला होता. पन्नास तास चाललं की इंजिन बंद करायचं, गार होऊ द्यायचं, पेटीचे चार बोल्ट काढायचे, जाळी रॉकेलमध्ये भिजवून काजळी काढायची, उन्हात वाळवायची, परत बसवायची. अर्धा दिवस जायचा. नाही केलं तर जाळी तुंबते, धूर उलटा इंजिनात दाटतो, इंजिन तापतं आणि ओढत नाही.

मालकांना हे पटत नसे. ते म्हणत, “जुनं चाळीस वर्षं खोकलं, पण एक दिवस निजलं नाही. हे नवं शिंक आली तरी दवाखाना मागतंय.”

त्यावर लिंबाजीनं दिलेलं उत्तर माझ्या कानात अजून आहे. “मालक, जुनं समदं भाईर थुकत व्हतं. हे पोटात ठिवतंय. मग पोट साफ करावं लागन का न्हाई?”

मालकही हसले होते तेव्हा.

लिंबाजी साळवे. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. जुन्या इंजिनावर हाताखाली राहून शिकलेला, शाळा चौथीपर्यंत. नवं इंजिन आलं तेव्हा मालक बाहेरून शिकलेला माणूस आणणार होते. पण बसवायला आलेल्या माणसानं आठ दिवस लिंबाजीचं काम पाहिलं आणि जाताना सांगितलं, याच्या हातात द्या. गावात तेव्हा साळवे आडनावाच्या माणसाच्या हातात एवढं यंत्र असणं — कुणी तोंडावर बोलत नसे, पण पानाच्या टपरीवर बोलत. तो ऐकून घ्यायचा. इंजिनघरात मात्र त्याचं राज्य. चपला बाहेर, विडी बाहेर. मालकसुद्धा बाहेर चपला काढून आत यायचे.

आणि त्याचा एक नेम होता. माझ्या इंजिनबुकात ‘जाळी’ असा रकाना होता. पन्नास तास भरले की मी त्यात तारीख टाकायचो, काम झालं की ‘साफ केली, बसवली’ असं लिहायचो आणि लिंबाजी त्याखाली सही करायचा — पूर्ण नाव, एकेक अक्षर सुटं. तो रकाना भरलेला दिसल्याशिवाय तो दुसऱ्या दिवशी इंजिनाला हात लावत नसे. जाळी स्वतःच्या हातानं धुतलेली असली तरी सकाळी येऊन आधी वही पाहणार. मी एकदा विचारलं, तूच धुतलीस ना काल, मग वही कशाला? तर म्हणाला, माणूस विसरतो, वही विसरत नाही.

मला त्या दिवशी किती बरं वाटलं होतं, सांगू?

त्या वर्षी कापूस उशिरापर्यंत आला. फेब्रुवारी अर्धा संपला तरी गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत असे. वीज दिवसातून दोनदा जाई, म्हणून सगळा भार इंजिनावर. शनिवारी, अठरा तारखेला, पन्नास तास भरले. रविवारी सुट्टी. लिंबाजी त्याच शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे आला आणि सोमवारची रजा मागितली. परभणीला विद्यापीठाच्या नामांतराची सभा होती, वस्तीतले सगळे जाणार होते. मालक असल्या कामाला रजा देणार नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

मी म्हणालो, जा. हजेरीचं मी बघतो.

इथे थांबून एक सांगायला हवं. मी मनातून नामांतराच्या बाजूचा होतो — असं मी स्वतःला सांगत असे. अठ्ठ्याहत्तर साली खेड्यापाड्यांत जे झालं, त्यानंतर मी बोरीला माझ्या घरी भावांशी वाद घातला होता. जेवताना. आवाज न चढवता. म्हणून लिंबाजीला रजा देताना मला मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं. त्याच संध्याकाळी मी हजेरीपुस्तकात सोमवारच्या घरात त्याच्या नावापुढे ‘ह’ लिहून टाकला. दोन दिवस आधीच. त्याची मजुरी बुडू नये, मालकांना कळू नये. चांगल्या मनानं लिहिला होता तो ‘ह’. त्या एका अक्षराचं पुढे काय झालं, ते सांगायलाच मी बसलो आहे.

जाताना लिंबाजी म्हणाला, “साहेब, जाळी भरली हाय. सोमवारी लाईटीवर चालतील तेवढेच रेचे चालवा. इंजिनाला हात लावू नका. मंगळवारी आल्याबरुबर धुतो.”

मी हो म्हणालो. चिठ्ठीवर लिहूनही ठेवलं.

सोमवारी आठला वीज गेली. रेचे थांबले. रेचे म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारी यंत्रं. ती थांबली की सगळंच थांबतं. बाया हातावर हात ठेवून बसल्या. फाटकावरून मालकांचा निरोप आला — इंजिन अजून का सुरू नाही? लिंबाजी नाही हे मी सांगू शकत होतो. सांगितलं नाही. कारण मग हजेरीतला ‘ह’ मलाच खोडावा लागला असता, आणि माझ्या पुस्तकात खाडाखोड नसे.

इंजिन सुरू करता मला येत होतं. लिंबाजीनंच हौसेनं शिकवलं होतं. मी सुरू केलं. अर्ध्या तासात त्यानं जीव टाकला. काळा धूर, काटा तापाच्या लाल खुणेपाशी, रेचे रडत फिरताहेत. बंद केलं. थोडं निवल्यावर पाना घेतला, चार बोल्ट काढले आणि जाळी बाहेर ओढली. काजळीनं ती इतकी लिंपलेली होती की तारा दिसत नव्हत्या. डांबर वाळावं तशी. रॉकेलच्या डब्यात बुडवली, घासली. निघेना. हिला रात्रभर भिजत ठेवायला हवं, हे पाहताच कळलं. आणि फाटकावरून दुसरा निरोप आला.

मी काय केलं? रिकाम्या पेटीचं झाकण लावलं. चारही बोल्ट आवळले. इंजिन सुरू केलं.

काय सांगू — असं ओढलं इंजिनानं, की मला आनंद झाला. खरंच आनंद झाला. धूर स्वच्छ, काटा जागेवर, सगळे रेचे एका सुरात. माझ्या मनात आलं, मालक म्हणतात ते खोटं नाही. ही जाळीच या इंजिनाचा रोग आहे.

गंगाबाई सगळ्या बायांची मुकादम होती. इंजिनघराच्या बाजूच्या दारातून ती पाणी प्यायला आली आणि माझे हात बघून म्हणाली, “का हो मास्तर, आज चूल फुकायची पाळी तुमच्यावर आली का? बाईसाब रुसल्या का काय?” मी हसलो. हात पाठीमागे घेतले.

ठरवलं होतं की संध्याकाळी जाळी घासून बसवायची. संध्याकाळी ती तशीच चिवट. डबा कोठीच्या खोलीत नेऊन ठेवला. मग ठरवलं, उद्या दुपारच्या सुट्टीत बसवू. लिंबाजीला सांगू. पण घरी जाण्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे इंजिनबुक उघडलं. ‘जाळी’च्या रकान्यात अठरा तारीख, आणि पुढे कोरी जागा. दिवसाचं पान कोरं ठेवून मी कधीच घरी गेलो नव्हतो. आणि कोरं ठेवलं तर सकाळी लिंबाजी इंजिन सुरू करणार नाही — तो विचारणार, मी सांगणार, गाड्या थांबणार, मालक येणार, सोमवारी तो कुठे होता हे निघणार. हे सगळं मला एका क्षणात दिसलं. क्रमानं दिसलं, यादीसारखं.

मी लिहिलं — २० फेब्रुवारी. जाळी साफ केली, बसवली.

अक्षर चांगलं आलं होतं.

मंगळवारी लिंबाजी आला. सभेनं त्याचा घसा बसला होता, डोळे तारवटलेले, पण चेहरा खुललेला. आधी वहीपाशी गेला. माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, “तुमी धुतली?”

मी म्हणालो, हो.

“तुमी?” पुन्हा म्हणाला आणि हसायला लागला. “हात दावा बरं.” माझ्या नखांत काजळी होतीच. ती पाहून त्यानं मान डोलावली. त्याला बरं वाटलं होतं. माझ्यासारख्यानं त्याचं काम केलं, त्याच्यासाठी रॉकेलमध्ये हात घातले — हे त्याला बरं वाटलं होतं, आणि मी ते त्याला वाटू दिलं. सही कर, म्हणालो. तो थबकला. “काम तुमचं, सही माझी?” रकाना ड्रायव्हरचा आहे, मी म्हणालो. त्यानं खाली बसून एकेक अक्षर काढलं. लिंबाजी. साळवे.

इंजिन सुरू झाल्यावर तो कान देऊन उभा राहिला. मला वाटलं, आता कळलं याला. आवाज वेगळा होताच — मोकळा, थोडा कडक.

“आवाज लय मोकळा वाटायलाय,” तो म्हणाला.

“धुतली ना,” मी म्हणालो. “म्हणून.”

“आता कसं, सास घ्यायलंय,” तो म्हणाला आणि तेलाची कुपी घेऊन आत गेला.

मी दुपारच्या सुट्टीत जाळी बसवणार होतो. दुपारच्या सुट्टीत मालकांनी मला काट्यावर बोलावलं. मी गेलो. वाटेत एक वाक्य बोलून लिंबाजीला इंजिन बंद करायला सांगता आलं असतं. वाटेतच होतं इंजिनघर.

तीनच्या सुमाराला वारं सुटलं. इंजिनघरामागे उघड्यावर कापसाच्या दोन गंज्या होत्या. तुंबलेल्या जाळीमुळे इंजिनात आणि नळीत साचलेली काजळी आता खपल्या-खपल्यांनी सुटत होती, आणि तिला अडवायला काही नव्हतं. ठिणगी कुणी पाहिली नाही. आधी धूर दिसला, मग बायांचा आरडाओरडा. वाळलेला कापूस जळताना आवाजसुद्धा करत नाही. एक गंजी, मग दुसरी, मग इंजिनघराचं छप्पर. गंगाबाईनं सगळ्या बायांना हाताला धरधरून फाटकाबाहेर काढलं. मी ताडपत्री ओढत होतो, कुठून कुठे ते मला आठवत नाही. लिंबाजी आत गेला. डिझेलच्या टाकीची चावी आत होती. ती उघडी राहिली असती तर टाकी पेटली असती आणि रेच्यांची शेड गेली असती. त्यानं चावी बंद केली. लोखंड तापलेलं होतं. उजव्या हाताची कातडी त्या चावीलाच राहिली.

माणूस कुणी दगावलं नाही. हे मी दहा वर्षं स्वतःला सांगत आलो आहे. माणूस कुणी दगावलं नाही.

बुधवारी पंचनामा झाला. जमादार, दोन पंच, मालक, मी. लिंबाजी हाताला फडकं बांधून कट्ट्यावर बसलेला. जमादारांनी पेटी उघडायला लावली. आत जाळी नव्हती. सगळे लिंबाजीकडे पाहायला लागले, आणि मी पाहिलं — तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही. अजून रागापर्यंत तो आला नव्हता. हिशेब लागत नसलेल्या माणसासारखा पाहत होता.

इंजिनबुक आणलं. माझं अक्षर, त्याची सही. जमादार म्हणाले, साफ केली, बसवली — मग गेली कुठं? लिंबाजी म्हणाला, सोमवारी मी इथं नव्हतोच. मी परभणीला होतो. साहेबांनी धुतली, त्यांच्या लिहिण्यावर मी सही केली. मालकांनी मान वर केली. परभणीला? कशाला? त्यानं सांगितलं. नामांतराच्या सभेला. आणि तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदम काहीतरी जुळल्यासारखं झालं. एक पंच हळूच म्हणाला, सभेवरून आला आन् दुसऱ्या दिवशी आग. बस. त्यापुढे कुणाला काही शोधायचं उरलं नाही.

जमादारांनी हजेरीपुस्तक मागितलं. मीच नेऊन दिलं. सोमवारच्या घरात ‘ह’.

“काय रे, हजेरी खोटी का तू खोटा?” जमादारांनी त्याला विचारलं. मग माझ्याकडे वळले. “साहेब, ही हजेरी बरोबर हाय का?”

माझ्या घशात सगळं तयार होतं. जाळी कोठीच्या खोलीत, रॉकेलच्या डब्यात, माझ्या टेबलापासून वीस पावलांवर होती. नुसतं बोट दाखवायचं होतं.

मी म्हणालो, “हजेरी बरोबर आहे.”

तीन शब्द. एवढंच बोललो मी त्या दिवशी. बाकी सगळं वहीनं सांगितलं.

फडकं बांधलेला हात लिंबाजीनं दुसऱ्या हातानं उचलून मांडीवर घेतला. तो माझ्यावर ओरडला असता तर मला कदाचित सोपं गेलं असतं. पण तो वहीकडे पाहत होता. माझ्याकडे नाही — वहीकडे.

त्याला ठाण्यात नेलं, काही दिवसांनी सोडलं. मुद्दाम आग लावल्याचा पुरावा नव्हता. वस्तीतली माणसं साक्ष द्यायला गेली होती की सोमवारी तो आमच्याबरोबर सभेत होता. त्यांची साक्ष कोण धरणार? तो तिथं होता म्हणूनच तर संशय. बायांना कुणी विचारलं नाही. गंगाबाईनं माझे हात पाहिले होते, लिंबाजी त्या दिवशी नव्हता हेही तिला माहीत होतं. ती चार दिवसांनी हजेरीला आली, आपलं नाव सांगितलं आणि माझ्या हातांकडे पाहून उभी राहिली. तिला दोन मुली होत्या आणि काम हेच होतं. त्यानंतर तिनं मला कधी ‘मास्तर’ म्हणून हाक मारली नाही. ‘कारकून’ म्हणायची.

लिंबाजीचं काम गेलं. सेलूत, मानवतला, कुठल्याच जिनिंगमध्ये त्याला कुणी इंजिनाजवळ उभं केलं नाही. आग लावणारा ड्रायव्हर. हे नाव त्याच्या आधी पोचायचं. तो बायको-मुलांना घेऊन जिंतूरला गेला. तिथे खडी फोडायच्या कामावर होता म्हणे, पण उजवी मूठ मिटत नव्हती. मग सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. हे सगळं मला ऐकून माहीत होत गेलं. मी विचारलं कधीच नाही. कुणी बोलत असलं की जवळ उभा राहायचो.

मी? नव्या छपराखाली तेच इंजिन पुन्हा बसवलं, नवी जाळी आली, आणि जाळीची जबाबदारी मालकांनी माझ्यावर सोपवली. विश्वासाचा माणूस म्हणून. पन्नास तास भरले की आता मालकच इंजिन बंद करायला सांगतात. दहा वर्षांत ते एकदाही वाटेत थांबलं नाही. नव्या यंत्रावर भरवसा ठेवता येतो, असं मी लोकांना सांगतो. यंत्राबद्दल ते खरंच आहे. पुढे मी व्यवस्थापक झालो.

जुनी जाळी मी त्या शुक्रवारी पोत्यात गुंडाळून घरी आणली. टाकून देणार होतो. टाकली नाही. त्या वर्षीचं हजेरीपुस्तक रद्दीत जाणार होतं तेव्हा तेही आणलं. ट्रंकेत तळाशी आहेत दोन्ही. बायकोला वाटतं, जुने हिशेब आहेत.

यंदा जानेवारीत नामांतर झालं. त्या आठवड्यात कामासाठी मी जिंतूरला गेलो होतो. बसस्थानकासमोर वस्तीतली पोरं निळा गुलाल उधळत होती, आणि गर्दीतून पेढ्यांचा पुडा घेऊन एक माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केस पांढरे झालेले. पुडा डाव्या हातात.

“घ्या साहेब. तोंड गोड करा.”

मी घेतला. त्याच्या हातून पेढा घेतला आणि खाल्ला. दुसरं काय करता येत होतं, मला माहीत नाही. म्हणजे — माहीत होतं.

त्यानं घरचं विचारलं. माझ्या मुलाचं विचारलं. मग सहज विचारावं तसं म्हणाला, “ते इंजिन चालतंय का हो अजून?”

चालतं, मी म्हणालो.

“जाळी धुता का वक्तावर?”

“धुतो.”

“कोण धुतंय?”

“मीच.”

त्यानं माझ्या हातांकडे पाहिलं. तसंच, त्या मंगळवारी पाहिलं होतं तसं. पण या वेळी दाखवा म्हणाला नाही. “धुवत जा,” एवढंच म्हणाला, आणि पेढे घेऊन पुढच्या माणसाकडे गेला. सेलूची गाडी लागली होती. मी चढलो. खिडकीतून त्याचं दुकान दिसत होतं. दाराशी सायकलची उलटी चाकं, आणि आत भिंतीवर एक वही दोरीनं टांगलेली.

तेव्हापासून माझ्या खिशातल्या वहीत पहिल्या ओळीवर एक काम आहे: जिंतूर. पुढे काही लिहिलेलं नाही. दर सोमवारी मी नवं पान काढतो, झालेली कामं गाळतो, राहिलेली उतरवून घेतो. ही ओळ सातव्यांदा उतरवली आहे.

बुधवारी मी ट्रंक उघडली. जाळी पोत्यातून काढून पाहिली. काजळी दगडासारखी झाली आहे. नख लावलं तर नखाला काळं लागतं. धुवायची नाही, असं ठरवलं. तशीच न्यायची. पिशवीत आधी जाळी ठेवली, तिच्यावर हजेरीपुस्तक, सोमवारच्या पानात सुतळी घालून. त्या घरातला ‘ह’ मी खोडलेला नाही. खोडायचा तर त्याच्यासमोर, आणि खाली माझी सही. पिशवी दाराशेजारच्या खुंटीला अडकवली.

जिंतूरची पहिली गाडी सव्वासातला सुटते. पिशवी बुधवारी भरली आहे. आज रविवार. आता सकाळचे नऊ वाजून गेले.